दोन सीटची गाडी, माणसं तीन

मैत्रिणींनो (आणि बाबालोकांनो, तुम्हीही थांबा, हा लेख खरं तर तुमच्यासाठीच जास्त आहे), घरात बाळ येणार म्हटलं की याद्या सुरू होतात. झबली, टोपरी, दुपटी, डिंकाचे लाडू, मालिशवाल्या मावशी. या यादीत कार सीट बहुतेक घरांत नसतेच. असली तरी अगदी तळाशी, आणि "बसेल कुठे ना कुठे" अशा भरवशावर. आमच्याकडे मात्र ती पहिल्या नंबरवर आली, कारण माझ्या दादाच्या गाडीला मागची सीटच नाही.

दादाकडे सॅन स्टॉर्म आहे. नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. फायबरग्लासची बॉडी, उघडता येणारं छत, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि साधारण ६० अश्वशक्ती. ती बनवणाऱ्या सॅन मोटर्सचं मूळ आमच्या बेंगळुरूतच. त्याच घरातली दुसरी कंपनी इथे रेल्वेची छोटी इंजिनं बनवते. आपल्या अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत बनणारी चिंकारा रोडस्टर हीसुद्धा त्याच जातकुळीतली. अशा गाड्या मोजक्याच बनल्या, आणि ज्यांच्याकडे आहेत ते त्या जीवापाड जपतात. दादाने पहिल्या मोठ्या बोनसमधून ती सेकंडहँड घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "एवढ्या पैशात एवढीशी गाडी?"

पण त्याचा जीव तिच्यात का अडकलाय हे मला माहीत आहे. आमचे बाबा त्याला रविवारी सकाळी बजाज चेतकवर पुढे उभं करून बेळगावच्या किल्ल्याभोवती फिरवून आणायचे. हँडलच्या मधोमध छोटे हात आणि तोंडावर वारा. ती त्याची सगळ्यात आवडती आठवण आहे. वहिनीला मुलगी झाल्याचं कळलं त्या रात्री त्याने मला फोनवर सांगितलं, "चिऊ तीन महिन्यांची झाली की दर रविवारी सकाळी मी तिला कब्बन पार्कला घेऊन जाणार. छत उघडून." त्यावर काय बोलणार? मी "हो" म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. माझं कामच ते आहे, लिहिण्याआधी वाचायचं.

चिऊ आणि वहिनी तेव्हा बेळगावला, वहिनीच्या माहेरी होत्या. चिऊ बेंगळुरूला यायच्या आत हा प्रश्न सोडवायचा होता. आईचं मत तर ठरलेलंच. "तुम्हा दोघांना मी मांडीवर घेऊनच आणलं. काही झालं का?"

मांडीचं गणित

आईचं हे वाक्य तुमच्याही घरात कुणी ना कुणी म्हणणार आहे, म्हणून आधी तेवढं बघू. मी ते गणित आईला वहीवर मांडून दाखवलं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. ती समोरच्या कशावर तरी आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी ६ किलोचं बाळ तुमच्या हातांना सरासरी ८५ किलोचं लागतं. ८५ किलोचा माणूस कुणी अचानक तुमच्या हातांतून ओढला तर तुम्ही तो धराल का? आणि हाच धक्का उंचीत मोजला तर १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा. यात आईची माया कमी पडते असं नाही. हात कमी पडतात.

आई वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा गाड्या एवढ्या जोरात कुठे पळायच्या?" हा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट तोंडाच्या दिशेची. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. आपलं सातवा-आठवा भाग. त्या जड डोक्याखाली मान कोवळी, मणक्यांची हाडं अजून पुरती पक्की न झालेली. म्हणून लहान बाळाची सीट गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. समोरून धडक झाली तर डोकं, मान आणि पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात आणि मानेला झटका बसत नाही. युरोपच्या आर१२९ या नियमात बाळ किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत उलट्या तोंडाने बसवणं सक्तीचं आहे. त्याआधीच्या आर४४ नियमात सीटचे गट वजनावर ठरायचे, आणि सगळ्यात छोटा गट १० किलोपर्यंतचा. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. सीट घेताना यापैकी एखादा आकडा तिच्यावरच्या स्टिकरवर दिसतो का ते बघा. नसेल तर ती सीट म्हणजे पट्टे लावलेली उशी समजा.

कायदाही आहे, फक्त कुणी आठवत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड.

एअरबॅग नसल्याचा आनंद

वाचताना मला वाटलं होतं, खरी अडचण एअरबॅगचीच असणार. उलट्या तोंडाची सीट पुढे ठेवली की बाळाच्या डोक्यामागचं कवच थेट डॅशबोर्डसमोर येतं. धडकेत एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि त्या कवचावर आदळते. मोठ्या माणसाला वाचवणारी तीच वस्तू बाळाचा जीव घेऊ शकते. गाडीच्या पुढच्या सन व्हायझरवर सीटवर फुली मारलेलं एक चित्र असतं. आज खाली जाऊन तुमच्या गाडीत बघा. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्सना पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे नव्या गाडीत "आज जरा पुढेच ठेवू बाळाला" हा विचार जुन्या गाडीपेक्षा जास्त धोक्याचा आहे. काही गाड्यांत, बऱ्याच महागड्या दोन-सीटर गाड्यांतसुद्धा, ती एअरबॅग किल्लीने बंद करता येते. तशी सोय असेल, एअरबॅग खरंच बंद असेल आणि गाडीच्या पुस्तकात परवानगी लिहिली असेल, तरच सीट पुढे. यातलं एकही नसेल तर नाही.

दादाच्या गाडीत एअरबॅगच नाही. हे कळल्यावर त्याचा चेहरा असा खुलला, की जणू परीक्षेत पास झाला. "म्हणजे आपली अडचण मिटली!" अर्धं बरोबर होतं त्याचं. एअरबॅग नाही म्हणजे एक धोका नाही. पण तिथे सीट नीट बसते का, हा प्रश्न होताच.

म्हणून एका शनिवारी आम्ही सीट, एक टॉवेल आणि ५ किलोची आट्याची पिशवी (चिऊच्या जागी, दुपट्यात गुंडाळून) घेऊन शिवाजीनगरला गेलो. मी तिथेच राहते, रसेल मार्केटच्या अलीकडे भाड्याच्या घरात. ज्यांनी शिवाजीनगर पाहिलं नाही त्यांना सांगते, पुण्याचं वेगळं आणि आमचं वेगळं. आमच्याकडे एका बाजूला सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा, १९२७ सालच्या रसेल मार्केटची भाजी-फुलं-मटण, आणि मागच्या गल्ल्यांत गुजरी. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दरवाजे, आरसे, डिकीची झाकणं, स्टिअरिंग, सगळं दोरीला टांगलेलं. दादाची गाडी सांभाळणारे चाचा तिथल्याच एका गॅरेजात असतात. जुन्या गाडीची कुठली वस्तू कुठल्या गाडीची चालते, हे त्यांना तोंडपाठ.

सीट ठेवायला घेतली आणि पहिल्या पाच मिनिटांत खेळ कळला. स्पोर्ट्स कारची सीट मागे खोल आणि पुढे उंच असते, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. उलट्या तोंडाच्या सीटमध्ये बाळाचं डोकं गाडीच्या पुढच्या बाजूला असतं. म्हणजे तो उंच भाग नेमका डोक्याखाली येतो, सीट उभी होते आणि बाळ ताठ बसतं. आट्याची पिशवी पुढे कलली. पिशवीच्या जागी तीन महिन्यांचं बाळ असेल तर डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. धडक वगैरे काही नको, झोपलेल्या बाळाला एवढंही पुरतं. म्हणून छोट्या बाळाची सीट साधारण ४५ अंशांत आडवी हवी.

दादाने टॉवेलची वळी करून गाडीच्या सीटच्या मागच्या खोबणीत घातली. काही कार सीटच्या पुस्तकात हे चालतं असं लिहिलेलं असतं, आमच्या होतं. पायाकडची बाजू उचलली गेली, सीट छान आडवी झाली. आणि डोक्याकडची बाजू डॅशबोर्डला टेकली. गाडीची सीट मागे सरकवली. ती आधीच शेवटच्या खाचेत होती. टॉवेल काढला तर बाळ ताठ, घातला तर कवच डॅशबोर्डवर. तासभर आम्ही हेच केलं. मधे एकदा दादा म्हणाला, "थोडंसंच टेकतंय." मी काहीच बोलले नाही.

मग चाचांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. पट्ट्याच्या मुळाशी एक लेबल शिवलेलं असतं, त्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख. त्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि हसले. पट्टा या गाडीचा नव्हताच. आधीच्या कुण्या मालकाने बदलून घेतलेला, कुठल्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचा. दिसायला ठणठणीत. पण धडकेत एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा तसाच धरेल याची खात्री नसते, आणि भंगारातली गाडी भंगारात का गेली हे कुणी लिहून ठेवत नाही. आयुष्यभर जुने भाग विकलेला माणूस दादाला म्हणाला, "पट्टा नया लगा देता मैं. लेकिन बच्ची को इसमें नक्को बिठाओ, साहब."

दादा गप्प झाला. अजूनही त्याला वाटत होतं की दुसरी, लहान आकाराची सीट मिळेल. मिळाली असती कदाचित. पण त्याच संध्याकाळी त्याने वहिनीला व्हिडिओ कॉल करून गाडीतल्या सीटचा फोटो दाखवला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

"मी कुठे बसू?"

खरंच सांगते, अंशांचं आणि पट्ट्यांचं एवढं वाचून हा प्रश्न माझ्या किंवा दादाच्या डोक्यातच आला नव्हता. दोन सीटच्या गाडीत बाळाची सीट बसली की बाळाची आई बाहेर. बाळ रडायला लागलं तर चालवणारा बाबा काय करणार? रिंग रोडवर गाडी कडेला घेणार? एका हाताने दुधाची बाटली धरणार? वहिनी पुढे म्हणाली, "तुला चिऊला वारा दाखवायचाय ना, दाखव. पण ती गाडीत असेल तेव्हा तुझं लक्ष रस्त्यावर असेल की तिच्यावर, हे तू मला सांग." दादाकडे उत्तर नव्हतं. तो त्या दिवशी जेवलाही नीट नाही.

तुमच्या गाडीला मागची सीट असेल तर

आमच्यासारखी गाडी तुमच्याकडे नसणार हे मला कळतं. पण दोन दरवाजांची मिनी कूपर, एखादी ऑडी टीटी, किंवा नुसती तीन-दरवाजी थार तरी ओळखीत कुणाकडे असेलच. त्यांना मागची सीट आहे, म्हणून प्रश्न सुटला असं वाटतं. अर्धाच सुटतो. उलट्या तोंडाची सीट मागे ठेवली की तिच्यापुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते, की तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा कार सीट बरोबर न्या आणि शोरूममध्येच बसवून बघा. सेल्समन हसला तर हसू दे. पुढे तुमच्या घरातला सगळ्यात उंच माणूस बसवा.

आणि एक गोष्ट पुरुषांनी लिहिलेल्या माहितीत मला कुठेच सापडली नाही. दोन दरवाजांच्या गाडीत बाळाला मागे ठेवायचं म्हणजे पुढची सीट पाडून, कमरेत वाकून, अंग वळवून पाच-सहा किलो वजन लांब हातांनी आत न्यायचं. सिझेरियनचे टाके ओले असताना हे करून बघा! करू नकाच. अशा गाडीत बेस कायम बसवलेला असेल आणि वरची टोपलीसारखी सीट बाळासकट काढता-लावता येत असेल तर जरा बरं. पण मग टोपलीचं वजनही हातावर येतं. पहिले काही आठवडे हे काम बाबांचं, एवढं घरात ठरवून टाका.

आयसोफिक्स असेल तर सोपं जातं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे फटीत हात घाला, लोखंडी कड्या लागतील. काही गाड्यांत तिथे छोटं लेबलही असतं. कार सीटचे दोन हूक त्यात खट्कन बसतात, पट्ट्याचा घोळ नाही. सीटला पुढून टेकणारा पाय असेल तर तो खालच्या सपाट जमिनीवर टेकला पाहिजे. आयसोफिक्स नसलं तरी हरकत नाही, पट्ट्याने बसवलेली सीटही तितकीच चांगली असू शकते, फक्त नीट बसवलेली हवी. बसवून झाली की पट्टा जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. थंडीत जाड स्वेटरवरून पट्टा बांधू नका, तो सैलच राहतो. पट्टा बांधून मग वरून दुपटं घाला. लांबच्या प्रवासात तास-दोन तासांनी बाळाला बाहेर काढून मोकळं आडवं करा. बेळगावहून बेंगळुरू म्हणजे ५०० किलोमीटर. वहिनी-चिऊला आणताना आम्ही दावणगेरेच्या आधीच तीनदा थांबलो होतो.

जुनी कार सीट घेऊ का, असं माझ्या दोन मैत्रिणींनी विचारलंय. बहिणीची किंवा जावेची असेल, ती कधी अपघातात नव्हती हे माहीत असेल आणि मागे छापलेली मुदत संपलेली नसेल तर जरूर घ्या. अनोळखी माणसाकडून, फोटो बघून नको. चाचांच्या लेबलनंतर माझं हे मत पक्कं झालं. तसंच त्या बारक्या क्लिपांचं, ज्या बकलमध्ये खुपसल्या की सीटबेल्टची टीं-टीं बंद होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता, त्यानंतर या क्लिपांची खूप चर्चा झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या. गल्लीत मात्र अजून मिळतात.

दादाचं म्हणाल तर त्याने स्टॉर्म विकली नाही. वहिनीनेही विक म्हटलं नाही, आणि मला वाटतं ते तिचं मोठेपण आहे. आईचा मात्र अजून आग्रह आहे. त्यांनी एक साधी सेकंडहँड हॅचबॅक घेतली, मागे आयसोफिक्सवाली, रंग दादाला अजिबात न आवडणारा. रविवारी तिघं तिच्यातूनच कब्बन पार्कला जातात. दादा पुढे, वहिनी मागे चिऊशेजारी. काच थोडी खाली असते.

स्टॉर्म बेसमेंटमध्ये कव्हरखाली उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून दादा पंधरा दिवसांनी तिला एकटाच बाहेर काढतो, फ्रेझर टाउनहून अल्सूर तलावाला एक फेरी मारून परत. चाचांकडून त्याने पट्टा मात्र नवा लावून घेतला, दोन्ही बाजूंना. परवा मी विचारलं, "दुसऱ्या बाजूला कशाला? तिथे तर कुणी बसत नाही."

"वहिनी बसते तुझी कधीतरी," तो म्हणाला, "चिऊ आईकडे असली की."